चेहऱ्यापुरता गुलाबी

—तिथे नका ठेवू, तिथे तेल सांडलंय. खसखशीचं तेल आहे, एकदा कापडात मुरलं की जन्मात निघत नाही. इकडे ठेवा, काउंटरवर, आडवं. हां. दोरी नका सोडू एवढ्यात, आधी मला हसून घेऊ द्या. रागावू नका हो, पण गेली तीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे आणि ‘गुलाबीची एक नळी द्या, पण वीस वर्षांपूर्वीचीच हवी’ असं म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं. ही काय वाइन आहे मुरत ठेवायला? नळीतला रंग वीस वर्षांत दगड होतो, बाई. बघू ती रिकामी नळी. हो, आमचीच. चिठ्ठीवरचं अक्षर माझ्या पापांचं, वडिलांचं आहे, ते गेले नव्वद साली. कुणाच्या पेटीत सापडली म्हणालात? वडिलांच्या? नाव काय वडिलांचं? ...असं. मारेशाल. लेओन्स मारेशाल. म्हणजे तुम्ही त्यांच्या कन्या. बसा ना. ते स्टूल ओढा, एक पाय लंगडा आहे त्याचा, सांभाळून बसा. हो, ओळखते की. म्हणजे गिऱ्हाईक होते आमचं. गिऱ्हाईकाला ओळखतो तेवढंच.

ते काय एकटेच होते का? सगळी ती टोळी इथेच यायची! आज अमेरिकन लोक खणखणीत फ्रँक मोजतात त्यांच्या चित्रांना, सरकारी संग्रहालयातसुद्धा दहा-बारा टांगलीत — तोंड वाकडं करून, पण टांगलीत. तेव्हा? तेव्हा सरकारी प्रदर्शनातून दरवर्षी परत यायची चित्रं, मागे ‘नामंजूर’चा शिक्का मारून. मग अठराशे चौऱ्याहत्तर साली यांनीच एका फोटोवाल्याच्या माडीवर आपलं वेगळं प्रदर्शन मांडलं. मी सोळा वर्षांची होते, पापांबरोबर गेले होते. लोक तिकीट काढून हसायला आले होते हो! एक बाई हसता हसता भिंतीला टेकली, तिला पाणी द्यावं लागलं. त्या टोळीचं नावसुद्धा शिवी म्हणून पडलंय त्यांना, यांनी उचललं आणि टोपीत पिसासारखं खोवलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, सांगू? ही नळी. पूर्वी रंग डुकराच्या फुग्यात भरून, सुतळीने बांधून मिळायचा, उन्हात नेला की फुटायचा. कथलाची नळी आली, झाकण फिरवायचं की झालं, म्हणून तर हे लोक खोलीबाहेर, नदीवर, शेतात जाऊन रंगवायला लागले. उजेड, उजेड, उजेड! दुसरा शब्द नाही तोंडात. काळा रंग वर्ज्य केला यांनी. सावलीसुद्धा जांभळी. पापांचा कोळशाचा काळा तसाच पडून राहिला, शेवटी मी त्यातून शेगडी रंगवली.

हं, सोडा आता दोरी. बघू द्या काय घेऊन आलात ते.

...

नाही, काही नाही. रंग कालवायची ही सुरी ठेवते जरा बाजूला. उन्हाकडे तोंड करा त्याचं. अजून थोडं.

बाग. वेताची खुर्ची. निळ्या पट्ट्यांचा पोशाख. ही तुमच्या आई — क्लारीस, हो ना? हो, नाव माहीत आहे मला, सगळ्या बातिन्योल पेठेला माहीत होतं, टोप्या शिवायच्या दुकानात होती ती. आणि चेहरा बघा. चुना फासल्यासारखा. गाल नाहीत, ओठ नाहीत, नाक कुठं सुरू होतं कळत नाही — पीठ मळायच्या आधीचा ढीग दिसतो तसं दिसतंय. आणि तुम्ही दीड वर्षाच्या होतात ती गेली तेव्हा, म्हणजे तुम्हाला तिचा चेहरा आठवणं शक्यच नाही. फोटो नाही एकही? नाही म्हणे! चित्रकाराच्या बायकोचा फोटो कशाला काढायचा, नाही का. घरात एवढा मोठा कलाकार असताना. किती वर्षं टांगलं होतं हे त्यांच्या खोलीत? आणि खोली दक्षिणेकडची, मोठी खिडकी? बरोबर. उजेड पाहिजे ना त्यांना.

काय म्हणालात? परत सांगा. त्यांना वाटतं की *त्यांचे डोळे* गेलेत? चेहरा पांढरा होत चाललाय ते त्यांना दिसत होतं, आणि ते धरून चालले की दोष डोळ्यांचा आहे? डॉक्टर केले, थेंब घातले, काळा चष्मा लावला — आणि ब्रश ठेवला? केव्हा? सहा वर्षांपूर्वी. अच्छा. म्हणून सहा वर्षांपूर्वी मागणी यायची थांबली. मी समजत होते दुसऱ्या दुकानात जायला लागले. सहा वर्षं रंगवलंच नाही? काहीच नाही? ...नाही, मी हसत नाहीये. हे माझं तोंडच असं आहे.

आणि आता अर्धांगवायू. महिन्याभराचे सोबती, म्हणे डॉक्टर. आणि रविवारी हे चित्र पलंगासमोर लावून द्या म्हणाले वडील, तिला एकदा बघू द्या. म्हणून तुम्ही त्याच्याआधी चोरून गालांवर जरा गुलाबी फिरवणार. तुम्ही? शिकलात कधी? मुलींच्या शाळेत फुलं काढली होतीत. वा. म्हणजे मरणाऱ्या माणसासमोर फुलवालीने रंगवलेली बायको ठेवायची. नाही, जमेल की. अर्धं शरीर गेलंय, अर्धं चित्र चालून जाईल.

बरं, रडू नका, कापड ओलं होईल. तुम्हाला कारण हवंय ना? ऐका मग, धंद्यातली गोष्ट आहे, लपवण्यासारखं काही नाही. गुलाबी दोन. एक मंजिष्ठाच्या मुळांचा. मुळं उकळा, गाळा, तुरटी घाला, वाळवा, मग संगमरवरी पाट्यावर काचेच्या वरवंट्याने तेलात चार-चार तास वाटा. खांदा निखळतो. हा माझा उजवा खांदा बघा, डाव्यापेक्षा खाली आहे. पण तो गुलाबी शंभर वर्षं हलत नाही. दुसरा नवा, सत्तर सालानंतर आलेला, कारखान्यातला, डांबरापासून काढतात. दिसायला? अहो, त्याच्यापुढे मंजिष्ठ म्हणजे म्हातारी! असा रसरशीत की नुसता बोटाला लागला तरी बोट जिवंत वाटतं. पण त्याला उजेड सोसत नाही. पापांनी पट्टी केली होती — एका पुठ्ठ्यावर रंग फासायचा, अर्धा झाकायचा, खिडकीत ठेवायचा. एक उन्हाळा गेला आणि झाकण काढलं तर एक बाजू जिवणीसारखी लाल आणि दुसरी बाजू कोरी. कोरी! पापा प्रत्येक चित्रकाराला ती पट्टी दाखवायचे, घ्यायचा तर डोळे उघडे ठेवून घे म्हणायचे. ज्यांना घाई होती ते तरी घ्यायचे. मारेशालांनी कधी घेतला नाही. मंजिष्ठच पाहिजे, म्हणायचे, मला माझी चित्रं माझ्यामागे जगायला हवीत. शहाणा माणूस.

काय? हो... म्हणालेच मी, मंजिष्ठच घ्यायचे.

नाही, तसं नाही. थांबा. तुम्ही फार पटकन धावता बाई. चिठ्ठीवर मंजिष्ठ लिहिलंय म्हणजे — हातांचं काय? हो, दिसतंय मला. हात गुलाबी आहेत. नखंसुद्धा गुलाबी आहेत. एकच चित्र, एकच खिडकी, एकच ऊन, तेवीस वर्षं, हात टिकले आणि चेहरा गेला. तेच विचारायला आलात ना खरं म्हणजे? नळी वगैरे निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवत होतात. तुम्ही दिसता तितक्या साध्या नाही. हनुवटी त्यांचीच आहे.

हात आदल्या वर्षी रंगवलेत, चेहरा नंतर. एवढंच. दोन वेगळ्या नळ्या. नळ्या कोण भरायचं? कोण भरणार, पापांचे हात तेव्हापासूनच थरथरायचे, ते फक्त चिठ्ठ्या लिहायचे. वाटायचे मी. भरायचे मी. पकडीने शेपूट दुमडायचे मी. चिठ्ठी चिकटवायचे मी.

बघताय काय अशा? आणि हाताकडे कशाला बघताय माझ्या?

...बघा. बघाच. या उजेडात या. ही करंगळी — जन्मतःच वाकडी. आता चित्रातली बघा. बघितलीत? आईचे हात म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? लहानपणी खुर्चीवर चढून या हातांना गाल लावायचात? अरेरे. मग तर लाड मीच केले म्हणायचे तुमचे, पोरी. क्लारीसने नाही. तिची बोटं सुया टोचून टोचून भाजलेल्या वाटाण्यासारखी झाली होती, ती कोण रंगवतो! पोशाख माझा. खुर्ची आमच्या मागच्या अंगणातली. दोन उन्हाळे मी तिथे बसले, एकोणऐंशी आणि ऐंशी. सकाळी दहा ते साडेअकरा, कारण साडेअकराला भिंतीची सावली पायांवर यायची आणि मग ते ब्रश खाली ठेवायचे. डोळ्यांना जे दिसतं तेच काढायचं, मनातलं काही काढायचं नाही — हा त्यांचा सगळ्यांचा धर्म. ढग आला की थांबायचं. ढग आला की ते माझ्याशी बोलायचे. आणि मी काय करायचे माहीत आहे? ढग यावा म्हणून मेरीमातेला मेणबत्ती लावायचे. अशी मूर्ख. लग्नाचं बोलणं झालं नव्हतं. म्हणजे पापांशी झालं नव्हतं. माझ्याशी झालं होतं.

मग कानामागून आली आणि तिखट झाली. मला कुणी काही सांगितलं नाही हो. एक्याऐंशीचा मार्च, हे असंच बारा-साडेबाराचं ऊन, ते हेच चित्र काखेत मारून दुकानात आले आणि इथं, बरोबर इथंच ठेवलं. माझा चेहरा सुरीने खरवडून काढला होता. पार कापडापर्यंत. मानेच्या वर नुसतं मळकट भोक. आणि म्हणतात कसे — अगदी प्रेमाने, दुष्ट माणूस नव्हता तो, तोच तर त्रास होता — म्हणतात, ‘हात फार छान जमलेत, हात ठेवतो.’ हात ठेवतो! ‘क्लारीसला बसवणार आहे, तिचं तोंड यात शोभेल, पुढच्या महिन्यात लग्न करतोय आम्ही.’ आणि मग म्हणाले, ‘गुलाबी जरा जास्त जिवंत दे या वेळी. तुझ्या वेळचा थोडा मलूल पडला होता, ती जास्त गुलाबी आहे.’

दिला. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. त्या दुपारी मी पाटा धुतला आणि डांबराचा गुलाबी वाटला, वर मंजिष्ठाची चिठ्ठी लावली, पापांच्या अक्षरातली. दुसऱ्या दिवशी ते पळत आले, आनंदाने नुसते फुलले होते, ‘काय केलंस तू! असा गुलाबी जन्मात पाहिला नव्हता!’ माझ्या हाताचं चुंबन घेतलं. या हाताचं.

एकदाच? नाही गं पोरी. एकदा म्हणजे राग झाला, राग काय कुणालाही येतो. सतरा वर्षं. ते गावाकडे राहायला गेले तरी टपालाने मागवायचे, मी दरेक नळी स्वतः भरून पाठवली, आणि नाताळात वर एक फुकट. सफरचंदाचा मोहोर, सूर्यास्त, तुझे बाळपणीचे गाल, नदीवरच्या बायकांच्या छत्र्या — सगळं माझ्या पाट्यावरून गेलंय. तुला वाटतं हे एकच चित्र? घरी जा आणि बघ. मागच्या हिवाळ्यात एका टीकाकाराने काय छापलंय वाचलंस? की मारेशाल म्हणजे पांढऱ्याचा उस्ताद, धुक्याचा कवी! त्याने धुकं कधी काढलंच नाही, अगं, त्याला धुक्यात सर्दी व्हायची! मी तो कागद कापून ठेवलाय. पन्नास माणसं ज्या चित्रांपुढे टोपी काढून उभी राहतात ती अर्धी मी रंगवली आहेत, खोडून.

तुझी आई गेली ते मला कळलं होतं, तू लहान होतीस. चौऱ्याऐंशीत. छातीचं दुखणं. तेव्हा थांबवायला हवं होतं म्हणतेस? विचार आला होता. एक नळी भरली होती चांगल्या मंजिष्ठाची. मग त्यांचं पत्र आलं — मला नव्हे, पापांना — की आता फक्त त्या चित्रासाठी जगतो, तिचा चेहरा तरी आहे माझ्याजवळ. ती नळी मी एका म्हाताऱ्या बाईला विकली, पंख्यांवर फुलं काढायची ती.

ओरडू नकोस. शेजारी पाववाला आहे, त्याला सगळं ऐकू येतं. राक्षसीण म्हण, हवं ते म्हण, खुशाल म्हण. माझाही एक चेहरा होता. तो खरवडायला त्यांना किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं? मी तेवीस वर्षं लावली. मी निदान हळूहळू केलं.

बस. बस म्हणते. तुला आईचा चेहरा हवा ना? माझ्याकडे आहे.

खोटं कशाला बोलू? या खणात. लग्नाआधी त्यांनी सरावाला एक लहानसं काढलं होतं, सिगारच्या डब्याच्या झाकणावर, तेही त्याच नळीतून. नववर्षाला पापांना भेट दिलं. पापांनी कागदात गुंडाळून खणात टाकलं आणि विसरले. मी नाही विसरले. अंधारात त्या रंगाला काही होत नाही. थांब, इकडून खिडकीचा पडदा ओढते. ये आता. जवळ ये. हात लावायचा नाही.

...

हं. अशी होती ती. गालाला खळी, एकाच. उजव्या. तुलाही तिथेच आहे. ओठ जरा उघडे, काहीतरी बोलणार होती. गुलाबी होती हे मान्य करावं लागेल. ते म्हणाले ते खोटं नव्हतं. दरवर्षी एकदा काढून बघते मी. का? ते तुला काय करायचंय!

पैसे नकोत. पाकीट आत ठेव. तुला देते, अशीच देते. रविवारी पलंगापाशी नेऊन त्यांच्या हातात ठेव, त्यांना दिसेल, चांगलं दिसेल, डोळे ठणठणीत आहेत त्यांचे. फक्त एक करायचं. देताना सांगायचं. सगळं. कुठून आणलं, नळ्या कुणी भरल्या, का भरल्या, किती वर्षं. मी सांगितलं तसं, अक्षर न गाळता. त्यांना कळू दे. बस, एवढीच अट आहे, दुसरं काही मागत नाही मी. सतरा वर्षं तो माणूस माझ्या रंगाची स्तुती करत होता गं! पत्रातून आभार मानत होता! एकदाही त्याच्या मनात आलं नाही. डोळ्यांवर संशय घेतला, नशिबावर घेतला, स्वतःच्या हातावर घेतला, माझ्यावर नाही. मी असं काही करण्याएवढी कुणी आहे हेच त्याच्या डोक्यात शिरलं नाही!

मरतील? मरतीलच ना, महिना राहिलाय. काय फरक पडतो, जाणून मरतील. आणि तुला चेहरा मिळतो. जन्मभराचा. विचार कर. तू नेला नाहीस तर हा इथेच राहणार, खणात, आणि माझ्यानंतर कुणीतरी शेगडीत घालणार.

उठलीस का? चित्र बांधतेस? अगं, घाई करू नकोस, नीट विचार कर. त्या पांढऱ्या ढिगावर काय दाखवणार आहेस त्यांना? ...काय म्हणालीस? तेच दाखवणार. आणि म्हणणार की छान दिसतेय आई, बाबा, गाल गुलाबी आहेत, तुमचेच डोळे अधू झालेत. खोटं बोलणार त्यांच्याशी! आणि ते विश्वास ठेवतील. हो, ठेवतील. कुणावरही ठेवतात.

मग ठेवा तुमचं तुमच्याजवळ. जा. मला काय. दोरी घट्ट बांधा, वारा आहे बाहेर. ...अहो. ऐका. एक मिनिट. तुमच्या वडिलांनी कधी — घरात, बोलता बोलता, जुन्या गोष्टी निघाल्यावर — ओनोरीन म्हणून कुणाचं नाव... रंगवाल्यांची ओनोरीन... एखाद वेळेस? चेष्टेने तरी?

एकदाही नाही?

बरं. जा. दार ओढून घ्या, ऊन आत येतंय.